तक्ता क्रमांक चार

मिनिआपोलिस, १४ सप्टेंबर २०२५

सौमित्रदादा,

'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. पहिल्याच ओळीत खोटं नको.

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून हे पोस्टाने पाठवते आहे. मराठीत अशासाठी, की सावनीवहिनीने उघडलं तर तिला वाचता यावं आणि तुझ्या ऑफिसात कुणी उघडलं तर वाचता येऊ नये. अजून तरी येऊ नये.

तुझा अहवाल वाचला. टॅमरॅक फॉल्स गावच्या शाळा मंडळाने तुमच्या कंपनीकडून करून घेतलेला तो अहवाल आपल्या वेबसाइटवर ठेवला आहे, कुणालाही उतरवून घेता येतो. अठ्ठेचाळीस पानं. 'फिनलंडकडून काय शिकता येईल', आणि खाली तुझं नाव. मी तो सलग तीनदा वाचला. पहिल्यांदा अभिमानाने वाचायला घेतला होता, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

फिनलंडमध्ये नववी झाल्यावर किती मुलं व्यावसायिक शिक्षणाकडे वळतात, किती नेहमीच्या अभ्यासक्रमाकडे, आणि हा आकडा वर्षानुवर्षं कसा सरकतो, हे मी तीन वर्षं बघते आहे. माझा पीएचडीचा विषयच तो आहे. तुझ्या पार्ट्यांमध्ये तू माझी ओळख 'आमची इला फिनलंडचे सुतार मोजते' अशी करून द्यायचास आणि लोक हसायचे. मीही हसायचे. आता तेच सुतार तुझ्या अहवालात, पान एकतीसवर, तक्ता क्रमांक चारमध्ये उभे आहेत.

तो तक्ता माझा आहे. माझा आहे हे मला कसं कळलं, तर फिनलंडच्या ऑलंड बेटांमुळे. त्या बेटांवर जेमतेम तीस हजार माणसं राहतात आणि त्यांचा शिक्षणाचा कारभार वेगळा चालतो, म्हणून मी त्यांची ओळ वेगळी ठेवली होती. माझ्या गाइडसुद्धा म्हणाल्या होत्या, ही ओळ कुणाला हवी आहे? कुणालाच नको होती. पण मला ती गाळवेना. तुझ्या अहवालात ऑलंडचा उल्लेख कुठेही नाही. एकही शब्द नाही. आणि तक्त्यात मात्र ती ओळ तशीच आहे. उचललेल्या घोंगडीबरोबर कुणाचं तरी मांजर यावं तशी.

अभिनंदन.

आता एकच गोष्ट. त्या तक्त्यात चूक आहे. टंकलेखनाची नाही, मोठी. तुझा सगळा निष्कर्ष तिच्यावर उभा आहे. फिनलंडने शाळांतल्या कार्यशाळांचे तास कमी केले, मुलांना कारखान्यांत पाठवलं आणि विद्यार्थी एकदम वाढले, असं तू लिहिलं आहेस, आणि म्हणून टॅमरॅक फॉल्सनेही आपल्या हायस्कुलातली कार्यशाळा बंद करावी असं सुचवलं आहेस. एकवीस ऑक्टोबरला मंडळ त्यावर मतदान करणार आहे.

चूक कोणती ते मला माहीत आहे. मी सांगणार नाही. शोध. सदतीस दिवस आहेत.

इला


२५ सप्टेंबर

सौमित्रदादा,

पत्र पोचलं म्हणायचं, कारण मंगळवारी वहिनीचा फोन आला. मी त्यातलं जेवढं आठवतं तेवढं खाली लिहिते. तिने तुला वेगळं सांगितलं असलं तर दोन्ही ताडून बघ.

"यार इला, तू काय वकिलासारखी पत्रं पाठवतेस? इट्स जस्ट अ टेबल!"

"वहिनी, ते माझं आहे."

"मग? तुझा दादाच आहे ना तो? तुला एअरपोर्टवर घ्यायला कोण आलं होतं? चार महिने बेसमेंटमध्ये कोण राहिलं होतं, मी?"

"मी राहिले होते."

"बघ! आणि ते इंग्लिश तपासून घ्यायला तूच फोल्डर शेअर केलं होतंस ना त्याच्याबरोबर? त्याने काय लॉक फोडलं का?"

"तपासायला दिलं होतं."

"अगं आणि नाव टाकलं असतं ना, तर तुलाच प्रॉब्लेम झाला असता. स्टुडंट व्हिसावर आहेस तू. क्लायंटच्या रिपोर्टमध्ये नाव आलं की म्हणतील, ही काम करते. सौमित्रने उलट तुझा विचार केला."

हे ऐकून मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. तिला वाटलं, पटलं. मला भीती वाटली होती. व्हिसा म्हटलं की मी सगळी कागदपत्रं काढून बसते हे तुला ठाऊक आहे, आणि तिलाही ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन रांगेत बसले. तिथल्या बाईंना विचारलं, एखाद्या अहवालात माझे आभार मानले तर मी नोकरी केली असं होतं का? त्या म्हणाल्या, नाही, असं कसं होईल? मी म्हटलं, लिहून द्याल का? त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, पण मेल पाठवली. प्रत सोबत जोडली आहे. तुझा विचार चुकला होता एवढंच.

त्याच रात्री, म्हणजे तिकडे सकाळी, आईचा फोन आला. आत्याने तुझा अहवाल रंगीत छापून आणला आहे म्हणे. अठ्ठेचाळीस पानं, स्पायरल बाइंडिंग करून. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. "माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा अमेरिकेतल्या शाळांना शहाणपण शिकवतो आहे," असं म्हणते.

मी विचारलं, "आणि मी, आई?"

"तुझंही होईल गं. तूही त्याच लायनीत आहेस ना?"

आत्याच्या हाताखाली आपण दोघंही चुलत भावंडं शिकलो होतो, हे आईलासुद्धा आठवलं नाही. धरणावरच्या त्या कॉलनीपासून शाळा चौदा किलोमीटरवर, जीप कधी यायची कधी नाही. म्हणून बाबांनी ठरवलं, शोभाच शिकवेल दोघांना घरी. पाचवीपर्यंत आपली शाळा म्हणजे आत्या, एक सतरंजी आणि दोघांत मिळून एक पुस्तक. मी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण गणितं मीच आधी सोडवायचे आणि तू माझ्या वहीतून उतरवून घ्यायचास. मी एकदा तक्रार केली. आत्या म्हणाली, "घरात कसलं आलंय माझं-तुझं? दोघांचं एकच." मग तुझी वही उचलून म्हणाली, "पण याचं अक्षर बघ."

मी सहा वर्षांची होते. अक्षर सुधारायला बसले. रोज दोन पानं, कित्येक महिने. गणितं कुणाची हा प्रश्न परत विचारला नाही. आत्ता बावीस वर्षांनी विचारते आहे.

सव्वीस दिवस राहिले.

इला


६ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. आधीच्या दोन पत्रांत मी काही गोष्टी लिहिल्या नव्हत्या. खोटं काही लिहिलेलं नाही, मी परत वाचून बघितलं. पण लिहिल्या नव्हत्या.

शुक्रवारी मी टॅमरॅक फॉल्सला जाऊन आले. माझी रूममेट आरोही, तिची गाडी मागून घेतली. अडीच तासांचा रस्ता. तू गेला आहेस का कधी? अहवालात शाळेचा फोटो आहे, पण तो त्यांच्याच वेबसाइटवरचा आहे.

कार्यशाळा शाळेच्या मागच्या अंगाला आहे. तिथे मिसेस हॉगेन शिकवतात. साठीच्या आहेत, वेल्डिंगचा मुखवटा टोपीसारखा कपाळावर सरकवून बोलतात. मी विद्यापीठातून आले आहे, फिनलंडवर काम करते असं सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे त्या अहवालवाल्यांपैकी का तू?"

"नाही," मी म्हटलं. मग राहवेना म्हणून म्हटलं, "थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

त्या हसल्या आणि मला आत घेऊन गेल्या.

दर हिवाळ्यात त्यांची मुलं बर्फावरच्या मासेमारीसाठी एक छोटी खोली बांधतात. तळं गोठलं की ती खोली ओढत नेऊन बर्फावर ठेवायची, तळाला गळ सोडायला भोकं, आत शेगडी, बसायला बाक. गावात तिची सोडत काढतात. यंदाची अर्धी झाली होती. एकोणीस मुलं आहेत. एक मुलगी खिडकीची चौकट मोजत होती. एकदा मोजली, पेन्सिलीने आकडा लिहिला, मग दुसऱ्या बाजूने मोजली. मी तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की तिने विचारलं, काही चुकलं का?

कार्यशाळा बंद झाली तर ही मुलं कुठे जाणार, असं मी मिसेस हॉगेनना विचारलं. कारखान्यात, असं अहवालात म्हटलं आहे. सर्वांत जवळचा कारखाना पंचेचाळीस मैलांवर. एकोणिसांतल्या अकरांकडे गाडी नाही.

"तुम्ही हे मंडळाला सांगितलंत का?"

"सांगितलं. ते म्हणतात, फिनलंडमध्ये असं केल्यावर मुलं वाढली. आता फिनलंडशी मी कशी भांडू? माझी आजी तिथली होती."

चूक मला माहीत होती. मी त्यांचे आभार मानले आणि गाडीत येऊन बसले.

परतीच्या वाटेवर मी स्वतःला सांगत होते, की चूक तुझी आहे, तुझ्या अहवालात आहे, तूच निस्तर. साठ मैल सांगितलं. पुढे सांगता येईना. म्हणून आता लिहिते.

चूक माझी आहे.

फिनलंडमध्ये २०१८ साली कायदा बदलला. तरुणांचं आणि प्रौढांचं व्यावसायिक शिक्षण एकत्र आलं, आणि मोजायची पद्धतही बदलली. माझ्या तक्त्यातले आधीचे आकडे आहेत सप्टेंबरातल्या एका दिवशी हजर असलेल्या विद्यार्थ्यांचे. नंतरचे आहेत वर्षभरात कधीही नाव घातलेल्या सगळ्यांचे. त्यात चाळिशीतल्या बायका आहेत, नवा धंदा शिकणारे ड्रायव्हर आहेत, दोन महिन्यांसाठी येऊन गेलेले आहेत. एखाद्या वाचनालयात एका मंगळवारी किती माणसं बसली होती ते मोजायचं, पुढे वर्षभरात किती येऊन गेली ते मोजायचं, आणि म्हणायचं की वाचक वाढले. तुझी ती उडी म्हणजे एवढंच आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलं वेगळी काढली तर रेघ जवळजवळ सपाट राहते.

दोन्ही आकड्यांवर मथळा एकच होता, 'विद्यार्थी'. मी एकाखाली एक चिकटवले. तळटीप वाचली नाही. खोकल्याच्या औषधावरची तळटीप वाचणारी मी, ही वाचली नाही. यंदाच्या अकरा मार्चला लक्षात आलं. माझ्या प्रबंधातला तक्ता मी त्याच दिवशी दुरुस्त केला. तुझ्याबरोबरच्या फोल्डरमधला केला नाही. तेव्हा ते विसरून गेले होते, हे खरं आहे.

पण पुढचं विसरण्यातलं नाही. सतरा मे, तुझ्या वीरचा पाचवा वाढदिवस, तुमचं ईडन प्रेरीचं घर. तू तुझ्या ऑफिसातल्या लोकांना माझी ओळख करून दिलीस. "माय कझिन. फिनलंडचे सुतार मोजते. सध्या आमच्याकडे फ्री डेटा एन्ट्री." सगळे हसले. मी आत जाऊन कलिंगड चिरायला घेतलं. तू मागोमाग आलास, बर्फ काढलास आणि फ्रीजचं दार उघडं ठेवूनच विचारलंस, "अगं, ते फोल्डरमधलं टेबल फायनल आहे ना?"

मी म्हटलं, "हो. फायनल."

फायनल नाही, हे मला तेव्हा सदुसष्ट दिवसांपासून माहीत होतं. तू ते कशासाठी विचारतो आहेस ते माहीत नव्हतं. पण कुठेतरी वापरशील, चारचौघांत वापरशील, आणि कुणीतरी हुशार माणूस तुला अडवेल, आणि तेव्हा कुणीतरी हसेल. एवढंच हवं होतं मला. बर्फावरच्या त्या खोलीचा मी विचार केला नव्हता.

तेव्हा आता चूक तुला कळली. पंधरा दिवस आहेत. तूच मंडळाला कळव, अहवाल मागे घे. ही विनंती नाही. मी तुला अजून क्षमा केलेली नाही आणि करायचा विचारही नाही. पण ती मुलगी दोन्ही बाजूंनी मोजत होती रे.

इला


१५ ऑक्टोबर

सौमित्रदादा,

रविवारी तू अनोळखी नंबरवरून फोन केलास. आपण काय बोललो ते मी लगेच लिहून ठेवलं. नंतर तू वेगळं म्हणू नयेस आणि मीही म्हणू नये, म्हणून इथे उतरवते.

"काय चाललंय तुझं, इला?"

"पत्र लिहिते. तुझं?"

"जोक नको. फुटनोट बघितली मी. ओके, मिस्टेक आहे, आय गेट इट. रिव्हाइज्ड व्हर्जन पाठवतो."

"कधी?"

"मीटिंग झाल्यावर."

"झाल्यावर?"

"आधी पाठवलं तर क्लायंट म्हणेल, मग इतके महिने काय केलंत? व्होट होऊ दे. तसंही ते वर्कशॉप बंद करणारच आहेत गं. टेबल म्हणजे काय, डेकोरेशन असतं."

"मग काढून टाक ना डेकोरेशन."

मागे वीर काहीतरी मागत होता, "बाबा, कॅन आय?" तू त्याला "नॉट नाऊ" म्हणालास, आणि मला म्हणालास, "तुझं नाव टाकतो. आभारांमध्ये. सगळ्यात पहिलं."

हे मी कबूल करते, की मला ते हवंसं वाटलं. दोन-तीन सेकंद. रंगीत छापलेल्या पानावर माझं नाव, आणि आत्या चष्मा पुसून ते वाचते आहे, असं सगळं दिसलं. आणि मग तू तुझ्या स्वभावाप्रमाणे एक वाक्य जास्तीचं बोललास.

"आणि तू फार ताणलंस ना, तर मला सांगावं लागेल की टेबल तुझंच होतं आणि तू फायनल म्हणाली होतीस. सावनी होती किचनमध्ये, तिने ऐकलंय. तुझी पीएचडी जाईल, इला. मला असं काही करायचं नाहीये."

"कर."

"काय?"

"सांग त्यांना. टेबल इलाचं होतं. असंच सांग."

फोन तूच ठेवलास.

मला वाटतं, तुला नंतर कळलं असेल, पण लिहून टाकते. तू मला धमकी म्हणून जे देत होतास, तेवढंच मला पहिल्या दिवसापासून हवं होतं. तक्ता तुझा म्हणालास तर चूक तुझी. चूक माझी म्हणालास तर तक्ता माझा, आणि मग मुखपृष्ठावर फक्त तुझं नाव का, हे तुला सांगावं लागेल. तिसरी वाट मी दोन रात्री शोधते आहे, तुझ्या बाजूने शोधते आहे, मला सापडली नाही.

सोमवारी मी माझ्या गाइडना सगळं सांगितलं. मार्चची चूक, मेमधला 'हो', सगळं. त्यांनी तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, "चूक कुणाचीही होते. तू जाणूनबुजून हो म्हणालीस, ते मला विभागाला कळवावं लागेल." मी म्हटलं, कळवा. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पुढचा तास सुटेपर्यंत उठले नाही. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. किंमत मी आधी मोजली आहे, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. आता पीएचडीचं नाव काढून मला कुणी घाबरवू शकत नाही.

एकवीस तारखेच्या सभेत लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं देतात. मी नाव नोंदवलं आहे. माझा क्रमांक पाचवा. काय वाचणार त्याची प्रत सोबत आहे. मी घड्याळ लावून वाचून बघितलं, दोन मिनिटं दहा सेकंद होतात. वाचून ये. न सांगता वार करायची हिंमत माझ्यात नाही. तू त्याला चांगुलपणा समजू नकोस.

मंगळवारपर्यंत तू स्वतः मंडळाला लिहिलंस तर मी जाणार नाही. तसं झालं तर मला वाईट वाटेल. तेही खरंच लिहिते.

इला


२२ ऑक्टोबर

सौमित्र,

तू लिहिलं नाहीस. तुला वाटलं मी येणार नाही. येणाऱ्यातली मी नव्हेच, बरोबर आहे तुझं. विमानतळावर पासपोर्ट चारदा तपासणारी, रेस्टॉरंटात चुकीची भाजी आली तरी खाणारी. तू दुसऱ्या रांगेत तुझ्या बॉसशेजारी बसला होतास आणि मी आत आले तेव्हा तू हसून हात हलवलास. घरचं माणूस कौतुकाने आलं आहे, असा. मी तुझ्याकडे बघून मान हलवली नाही. तेवढंही तुला द्यायचं नव्हतं.

मी काय वाचलं ते तुला पाठ असेल. तरी पहिलं वाक्य पुन्हा लिहिते, कारण ते मी नऊ वेळा बदललं होतं. "तक्ता क्रमांक चार मी तयार केला आहे, त्यात गंभीर चूक आहे, ती चूक माझी आहे आणि ती माहीत असताना मी तो बरोबर असल्याचं सांगितलं." तुला एका शब्दानेही चोर म्हटलं नाही. तुझं नाव त्या दोन मिनिटांत एकदाही घेतलं नाही, तपासून बघ.

वाचून झाल्यावर अध्यक्षबाईंनी अहवाल उघडला आणि चष्म्यावरून तुझ्याकडे बघितलं.

"सौमित्र, हा तक्ता हिचा आहे का?"

मी वळून बघितलं. तू बॉसकडे बघितलंस. बॉस छताकडे बघत होता.

"येस," तू म्हणालास. "तिचाच आहे." आणि घाईघाईने, "पण तिने आम्हाला फायनल असं सांगितलं होतं."

"ते तिने आत्ताच कबूल केलं," बाई म्हणाल्या. "माझा प्रश्न वेगळा आहे. पान एकतीसवर 'आमचं विश्लेषण' असं का लिहिलं आहे?"

तू पाण्याची बाटली उचललीस आणि परत त्याच जागी ठेवलीस. मला आनंद झाला. मी आजवर कुणाच्या फजितीत इतकी सुखावले नव्हते, आणि हे लिहिताना मला लाज वाटायला हवी, पण शोधूनही सापडत नाही.

त्यांनी मतदान केलं नाही. अहवाल परत पाठवला. कार्यशाळा या वर्षी चालू राहील, वसंतात पुन्हा विषय निघेल. हे सगळं झालं तेव्हा तू तिथे नव्हतास, दाराबाहेर फोनवर होतास, म्हणून सांगते.

आणि एक गोष्ट तू बघितली नाहीस, ती मी सांगितली नाही तर हे पत्र अर्धं खोटं होईल. सभा संपल्यावर मिसेस हॉगेन माझ्याकडे आल्या. मला वाटलं, हात मिळवतील. मी हात पुढे केलाही.

"त्या दिवशी तू माझ्या वर्कशॉपमध्ये आली होतीस."

"हो."

"तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि कोट घालून निघून गेल्या. अडीच तास गाडी चालवत मी परत आले. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. विभागाची समिती नोव्हेंबरात बसेल. प्रबंधातलं एक प्रकरण जाईल किंवा सगळंच जाईल. गाइड म्हणतात, आधी कळवलंस याचा थोडा उपयोग होईल. थोडा.

माझं जे व्हायचं ते मी बघीन. तुझं एक काम राहिलं आहे.

'तक्ता तिचाच आहे' हे वाक्य काल तू बोललास, पण इंग्रजीत, टॅमरॅक फॉल्सच्या चाळीस माणसांसमोर. ती माणसं तुला उद्या विसरतील. मला ते वाक्य त्यांच्यासाठी नको होतं. स्पायरल बाइंडिंगचा तो अहवाल अजून आत्याच्या टीपॉयवर आहे. काल संध्याकाळी शेजारच्या देशपांडेकाकूंना दाखवला, असं आई म्हणाली.

आत्याला मी काही कळवलेलं नाही आणि रविवारपर्यंत कळवणारही नाही. आईलाही नाही. ते तू सांगायचं आहेस. स्वतः फोन करून, वहिनीकडे न देता, मराठीत. तक्ता इलाचा होता. त्यातली चूकही इलाची होती, हे आधी सांगितलंस तरी चालेल. ती खोटं बोलली, हेही सांग, ते खरं आहे. पण तक्ता इलाचा होता, हे वाक्य पूर्ण म्हणायचं.

रविवारी आत्याची पूजा आटोपली की मी तिला फोन करणार आहे. तब्येत विचारीन, गुडघ्याचं विचारीन. मग विचारीन, "सौमित्रचा फोन आला होता का गं?"

हो म्हणाली, तर मी दुसरं काहीतरी बोलायला लागेन आणि तुला पुन्हा कधी पत्र येणार नाही.

नाही म्हणाली, तर मी तिला म्हणेन, आत्या, जरा सतरंजी घाल आणि बस. तासभर लागेल.

इला